ठरवण्याआधीचं वर्ष

वर्ध्याजवळच्या नालवाडीत दहावीनंतर एखाद्या मुलीनं ‘बायो घेतलं’ की घरात आणि लेआउटात त्याचा एकच अर्थ लागतो: पोरगी डॉक्टर होणार. असं का वाटतं, हेही समजण्यासारखं आहे. एका अंगाला सेवाग्राम. तिथं डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभं केलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. दुसऱ्या अंगाला सावंगी, तिथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. वर्ध्याएवढ्या शहराला लागून दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं असली, की जीवशास्त्र शिकलेला माणूस म्हणून मुलांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातला डॉक्टरच येतो. माशांची पैदास करणारा, बियाण्याची उगवण तपासणारा, दुधातले जिवाणू मोजणारा, जंगलात विष्ठेचे नमुने गोळा करणारा माणूस त्यांना दिसत नाही.

मग नीटचा निकाल लागतो. २०२४ मध्ये देशभरात तेवीस लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली होती. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बायो घेतलेल्या बहुतेक मुलांचा रस्ता वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकातून जात नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं. तरी जून-जुलै आला की तेच संवाद ऐकू येतात.

“काय करून राहिली तुमची पोरगी?”

“बीएस्सीले टाकली.”

“मंग नीट नाही निघाली का?”

या शेवटच्या प्रश्नात बीएस्सीची सगळी किंमत सांगून झालेली असते. ती मुलगी महाविद्यालयात पाऊल ठेवते तीच हरलेल्या मनानं. प्रवेशाच्या अर्जावर विषयांच्या रकान्यापाशी आली की ती विचारते, ‘कशाला स्कोप आहे?’ उत्तर देणारा जो भेटेल त्याच्यावर पुढची तीन वर्षं अवलंबून राहतात. कुणी मायक्रोबायोलॉजी सांगतो, कुणी बायोटेक, कुणी म्हणतो झूलॉजी सोपं जातं.

ही पुस्तिका त्या रकान्याविषयी आहे. जीवशास्त्राच्या शाखांपैकी मुख्य विषय कोणता, हे प्रवेशाच्या दिवशीच न सांगता आधी सगळ्यांत थोडं शिरायचं, पाहायचं, हात घालायचा आणि मग नाव घ्यायचं, ही पद्धत आपल्याकडे कुठं आणि कितपत शक्य आहे, तिच्यात फसगत कुठं होते, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगतो: बारावी झालेल्या मुलानं ‘मला अजून ठरवायचं आहे’ म्हणणं हा दुबळेपणा नाही. पण त्या म्हणण्याला काही अटी आहेत. त्या कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे दारं बंद होतात.

जीवशास्त्राचे तुकडे आपण शिकवण्याच्या सोयीसाठी पाडले आहेत, हे पटवायला वर्धा जिल्ह्यातल्या मुलाला प्रयोगशाळेत न्यावं लागत नाही. कपाशीचं एक बोंड पुरतं. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. तो प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे स्फटिक विरघळतात, पोटातली विकरं त्यांना कापतात, उरलेला भाग आतड्याच्या भिंतीला चिकटून तिला छिद्रं पाडतो आणि अळी मरते. त्या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, आणि २००६ मध्ये अशी दोन जनुकं असलेलं बियाणं आलं. एवढं असूनही २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली.

असं का झालं, याचं उत्तर कोणत्या विषयात शोधायचं? जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्राचा, झाड वनस्पतिशास्त्राचं, अळी प्राणिशास्त्राची आणि प्रथिन जीवरसायनशास्त्राचं. बीटी सहन करणाऱ्या अळ्या वाढत का गेल्या, याचं गणित आनुवंशिकीत आहे. शेताच्या कडेला बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी लावायच्या, त्यांच्यावर साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतील आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल, असा हिशेब होता. बियाण्याच्या पाकिटासोबत त्या ओळींचं बी वेगळं मिळायचं. चार एकरवाल्या शेतकऱ्यानं आपल्या हातानं किडीसाठी ओळी राखायच्या, हे व्यवहारात फारसं उतरलं नाही. त्यात ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगणारी. दुसऱ्या पिकांवर तिची साधी पिढी टिकून राहील, ही आशाही नव्हती. पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात राखली. त्यामुळे अळीला हंगामानंतरही खाद्य मिळत राहिलं. पुढं कामगंध सापळे आले. त्यांतलं आमिष म्हणजे मादी पतंगाच्या गंधाची रसायनशाळेत केलेली नक्कल. म्हणजे हिशेबात रसायनशास्त्रही आलं आणि शेतीचं अर्थशास्त्रही.

बापासोबत वावरात फिरून डोमकळ्या तोडलेल्या मुलीला ही सगळी साखळी अर्धी माहीत असते. पाकळ्या एकमेकींत गुंतलेलं, न उमललेलं फूल ओळखायला तिला पुस्तक लागत नाही. तिनं प्रवेशाच्या दिवशी कोणता विषय लिहावा? कुठलाही लिहिला तरी तिच्या प्रश्नाचा एक तुकडाच हाती लागणार. तिला वर्षभर या सगळ्या खोल्यांतून फिरू दिलं, तर कोणत्या खोलीत थांबायचं ते तिचं तिला कळेल.

हे केवळ माझं मत नाही, परीक्षांनाही हे मान्य आहे. संशोधनाच्या आणि प्राध्यापकीच्या वाटेवरची सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा ‘लाइफ सायन्सेस’ या एकाच नावानं होते. अभ्यासक्रमाचे तेरा घटक. वनस्पतिशास्त्राचा एमएस्सी, प्राणिशास्त्राचा, सूक्ष्मजीवशास्त्राचा, सगळे एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात. पाच वर्षं एका खोलीत बसलेल्या मुलाला सहाव्या वर्षी कळतं, की बाकीच्या खोल्यांतलंही विचारणार आहेत.

आता आपल्या विद्यापीठाकडे येऊ. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात बीएस्सीची जुनी घडण मुंबई-पुण्यापेक्षा वेगळी होती. पुण्यात मुलगा शेवटच्या वर्षी एका विषयावर यायचा. आपल्याकडे तीन विषय तिन्ही वर्षं सारख्याच वजनानं चालायचे. रसायन-वनस्पती-प्राणी म्हणजे ‘सीबीझेड’ हा त्यातला सर्वांत ओळखीचा गट. पदवीवर एका विषयाचं नाव नसायचं, निवड एमएस्सीच्या दारात. वरवर पाहिलं तर न ठरवता शिकण्याची सोय आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वीपासून होती. तिचा एक मोठा फायदा झाला: वर्ध्यातल्या शाळांना आणि कनिष्ठ महाविद्यालयांना वनस्पती आणि प्राणी दोन्ही सारख्या अधिकारानं शिकवणारे शिक्षक मिळाले.

पण त्या सोयीत शोध नव्हता. गट ठरलेले. सीबीझेडच्या मुलाचा गणिताशी संबंध तुटलेला, भौतिकशास्त्राशीही. तीन वर्षांत त्याला कुणी विचारत नसे की बाबा, तुझा ओढा कुठं आहे? आणि एमएस्सीला विषय ठरायचा तो टक्क्यांवर आणि शिल्लक जागांवर. निवड लांबली, मात्र त्या काळात निवडीची तयारी झाली नाही. नव्या रचनेकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं, कारण तीच चूक नव्या नावानं पुन्हा होऊ शकते.

नवी रचना अशी. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो श्रेयांक आराखडा दिला, त्यात पहिली दोन सत्रं पायाभरणीची मानली आहेत आणि दुसऱ्या सत्राच्या शेवटी मुलाला आपल्या शाखेच्या आत मुख्य विषय बदलून मागता येतो. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाले. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारखे शिकायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक ‘मेजर’, एक ‘मायनर’ करायचा, अशी मांडणी आहे. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षानंतर चाळीस श्रेयांकांवर प्रमाणपत्र, ऐंशीवर पदविका, एकशेवीसवर तीन वर्षांची पदवी, एकशेसाठवर चार वर्षांची. वर्षभर शिकून थांबावं लागलं तर हात अगदीच रिकामे राहत नाहीत. तेवढ्यासाठी एक लहानसा व्यवसायाचा अभ्यासक्रम मात्र करावा लागतो.

कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर ठरतं. तीन विषयांचा गट बाहेरून ठरलेलाच असेल, तर दुसऱ्या वर्षीची निवड त्या तिघांतलीच. ज्या महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभागच नाही तिथं ते ‘निवडता’ येत नाही. एखाद्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक नसेल, तर मुलं तो विषय नाकारतात आणि दोष विषयाला लागतो. म्हणून पालकांना माझी पहिली विनंती आहे, ती फी भरण्याआधीची. महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षाच्या तीन विषयांपैकी दुसऱ्या वर्षी कोणताही मुख्य करता येतो, की जागांची मर्यादा आहे? मर्यादा असेल तर गुणांवर की आधी येईल त्याला? आणि पहिल्या वर्षात प्रात्यक्षिकं खरोखर किती होतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात मिळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलं की मिळतं.

न ठरवता प्रवेश देणं हीच जिथं मूळ रीत आहे, अशाही संस्था आपल्या देशात आहेत, आणि त्यांची माहिती नालवाडीत फार उशिरा पोचते. पुण्याच्या पाषाण भागातली आयसर ही संस्था २००६ ची. बीएस-एमएसच्या सुरुवातीच्या टप्प्यात तिथं चारही विज्ञानांचा पाया घालून मग पुढचे विषय निवडू देतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २०११ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही पहिली तीन सत्रं सगळ्यांना सामाईक. पण आयसरची प्रवेश परीक्षा पाहा: साठ प्रश्न, आणि ते जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक या चौघांत पंधरा-पंधरा असे वाटलेले. बारावीला चारपैकी तीन विषय असले तरी अर्ज करता येतो. गणित सोडलेल्या मुलीचे पंधरा प्रश्न मात्र जातात. आणि बंगळूरला तर बारावीला गणित असल्याशिवाय अर्जच नाही.

इथं मी थोडा थांबतो, कारण या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मुख्य विषयाचं नाव उशिरा घेतलं तर काही बिघडत नाही. गणित आणि रसायन लवकर सोडलं तर फार बिघडतं. दहावीनंतर ‘डॉक्टरच व्हायचं आहे, गणित कशाला’ म्हणून जे मूल गणित टाकतं, त्यानं त्या दिवशी एक फार मोठी निवड केलेली असते, आणि घरात कुणाला ती निवड वाटत नाही. माधव गाडगीळ यांचं उदाहरण घ्या. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र, मग मुंबई विद्यापीठातून प्राणिशास्त्राचं एमएस्सी. आणि हार्वर्डला गेल्यावर त्यांनी केलं ते गणिती परिसरशास्त्रातलं काम. पश्चिम घाटाविषयी ते ज्या अधिकारानं बोलले, त्याच्या पाठीशी पायपीट होती तशी समीकरणंही होती.

कमला सोहोनी उलट्या बाजूनं आल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, मुख्य विषय रसायनशास्त्र. बंगळूरच्या संस्थेत मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत आणि अटींवर का होईना आत गेल्या. तिथं दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, मग केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वर संशोधन करून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढं मुंबईत शिकवताना नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. रसायनाची विद्यार्थिनी जीवरसायनात स्थिरावली, कारण पाया पक्का होता आणि वाट नंतर दिसली.

शं. पु. आघारकर यांचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून घेतलं जातं. कलकत्ता विद्यापीठात ते त्या विषयाचे प्राध्यापक होते, पुण्याची संशोधन संस्था आज त्यांच्या नावानं आहे. पण तरुणपणी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असताना सह्याद्रीत हिंडताना त्यांना गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. त्या जातकुळीचे जीव तोवर आफ्रिकेतले म्हणून माहीत होते. वनस्पतींचा माणूस असून त्यांनी तो बाजूला टाकला नाही.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे मुख्य विषय न सांगता, महाविद्यालयात जाणं आता नवं राहिलेलं नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तर जीवविज्ञानाच्या अंगानं जायचं आहे पण विषय ठरलेला नाही, असाही प्रवेश मिळतो. साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत नाव सांगायचं. तिकडची ही मोकळीक सहज आलेली नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांना विषय निवडायची जवळजवळ पूर्ण मुभा दिली, आणि त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांना ती आवरावी लागली: एका विषयात खोल जा आणि बाकीच्यांत थोडं थोडं फिरा, असा मधला मार्ग निघाला. तिथंही पहिल्या सत्रात रसायन आणि गणित न घेतलेला मुलगा दुसऱ्या वर्षी जीवशास्त्र मागायला गेला तर मागं पडतो. शिवाय वैद्यकीय शाळेत जायचं म्हणून जीवशास्त्रच मुख्य विषय घ्यावा लागतो, हा इकडच्या नातेवाइकांचा समज खरा नाही.

लवकर ठरवणाऱ्यांचं काय? याच मातीतलं उदाहरण समोर आहे. गांधीवादी कार्यकर्ते ठाकूरदास बंग यांच्या मुलांनी, अशोक आणि अभय बंग यांनी, लहान वयातच आपापसांत ठरवलं की एकानं शेतीचं काम करायचं आणि दुसऱ्यानं आरोग्याचं. दोघांनी तसंच केलं, आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं गडचिरोलीतलं आरोग्याचं काम आज जगभर माहीत आहे. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं असं वाटेल. पण त्या मुलांनी आधी खेडं पाहिलं होतं, तिथली भूक आणि आजार पाहिले होते, नई तालीमच्या वातावरणात हातानं कामं केली होती. त्यांनी प्रश्न निवडला. विषय त्यामागून आला. जिला असा प्रश्न सोळाव्या वर्षी सापडला असेल तिनं खुशाल ठरवावं. तिला थांबवणारा मी कोण?

नई तालीमचा उल्लेख आला तर नालवाडीच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायला हवी. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून निघालेल्या नई तालीमच्या विचाराचा कणा समवाय हा होता: एका कामातून अनेक विषय शिकायचे. त्याच दशकात विनोबा नालवाडीत राहत होते, ग्रामसेवा मंडळाचं काम इथून चाले, आणि गोपाळराव वाळुंजकर इथल्या चर्मालयात मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं काम उभं करत होते. ज्या कामाकडे समाज पाठ फिरवत होता, त्यात किती विज्ञान आहे हे तिथं कळत होतं. कातडं का सडतं, ते थांबतं कशानं, चुना केस का सोडवतो, सालीतलं टॅनिन काय करतं, उरलेल्या हाडामांसाचं खत कसं होतं. हे प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाहीत. जीवविज्ञानाचं पहिलं वर्ष असं शिकवता आलं तर किती चांगलं होईल, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. धाम नदीचं पाणी, बोरच्या जंगलाच्या कडेची माती, डेअरीतलं दूध आणि एक धड सूक्ष्मदर्शक लागतो.

विषय ठरवण्याआधीच्या या वर्षाची आणखी एका वर्षाशी तुलना करावीच लागेल. नीट हुकल्यावर ‘ड्रॉप’ घेऊन नागपूर, लातूर, नांदेडला जाणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली काही डॉक्टर होतात, त्यांचं कौतुकच आहे. पण बाकीच्यांचं ते वर्ष त्याच पुस्तकांतले तेच पर्याय खोडण्यात जातं. जीवशास्त्राचं वर्ष, आणि जिवंत काही हाती लागत नाही. त्यावर घर लाखभर रुपये घालायला तयार असतं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मुलीनं ‘अजून विषय ठरवला नाही’ म्हटलं, तर मात्र त्याच घराला वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं.

मुलींच्या बाबतीत हे अधिक टोचतं. ज्या घरात बीएस्सीचं शेवटचं वर्ष म्हणजे स्थळं पाहायचं वर्ष, त्या घरात न ठरवण्यासाठी मागितलेला प्रत्येक महिना तिला भांडून मिळवावा लागतो. मुलाच्या गोंधळाला ‘विचार करून राहिला’ म्हणतात, मुलीच्या गोंधळाला ‘शिक्षणात लक्ष नाही’. ही पुस्तिका आईवडिलांच्याही हाती जावी असं वाटतं ते यासाठी. पहिल्या वर्षी तिनं प्राणिशास्त्राच्या तासाला उत्साहानं जावं, रसायनाला कंटाळावं, सत्राच्या शेवटी उलटं व्हावं, हे सगळं शिक्षणच आहे. तिला जेवताना विचारायचंच असेल तर ‘काय ठरवलं?’ याऐवजी ‘आज काय पाहिलं?’ विचारा.

पुढच्या पानांत प्रत्येक शाखेत रोजचं काम काय असतं ते सांगितलं आहे: उभं राहून किती, बसून किती, संगणकावर किती, वावरात किती, वास कसले, धोके कोणते. पगारांचे तक्ते मुद्दाम दिलेले नाहीत. ते छापून होईपर्यंत शिळे होतात. गणित सोडलेल्या मुलांसाठी एक वेगळं प्रकरण आहे. त्यात आकडेमोडीपासून संख्याशास्त्रापर्यंत वर्षभरात कसं परत यायचं याची आखणी आहे. तुम्ही गणित सोडलेलं असेल, तर ते प्रकरण आधी वाचा, बाकीची नंतर वाचली तरी चालतील.